रडायला अर्धा तास

बस थांबली की शेषरावभाऊ आधी खाली उतरायचे, खांद्यावरचा दुपट्टा झटकून पुन्हा खांद्यावर टाकायचे आणि दारात उभं राहून सांगायचे, "आंघोळीले एक घंटा. दर्शनाले एक घंटा. रडायले अर्धा घंटा. मंग जेवन." अशी सूचना देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. नवीन माणसं हसायची. भाऊ हसायचे नाहीत. त्यांच्या लेखी ती सोयीची बाब होती, जशी गरम पाण्याची किंवा संडासाची.

भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहावं असं मनात होतं, पण लिहायला बसलं की एक प्रसंग आडवा यायचा. त्या प्रसंगात भाऊ चुकले होते. चांगल्या माणसाची चूक लिहायची कशी, म्हणून कागद तसाच राहायचा. पण ती चूक गाळून लिहिलं तर जो माणूस उरतो तो मी पाहिलेला नाही, म्हणून आज सगळंच लिहिते आहे.

रिसोडला आमच्या घरापासून दोन घरं सोडून ते राहायचे. वर्षातून दोनतीनदा भाड्याची बस करायची आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं घेऊन निघायचं, हा त्यांचा धंदा. कधी काशी-प्रयाग-गया, कधी रामेश्वर-कन्याकुमारी, दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी. यात्रा कंपनी म्हणून दारावर पाटी होती, पण कंपनी म्हणजे भाऊ स्वतः, एक स्वयंपाकी, ठरलेला ड्रायव्हर आणि वाटेतल्या दशम्या-ठेच्याचे डबे बांधून देणाऱ्या शोभावहिनी. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते गावाच्या नावानं हाक मारायचे. "ओ मालेगाव, चप्पल राह्यली तुमची." एका गावचे दोघं असले की मोठं शिरपूर आणि धाकटं शिरपूर. मी शिक्षिका म्हणून मला तेवढं 'ताई' होतं, माझ्या यजमानांना मात्र पूर्ण प्रवासभर रिसोड म्हणूनच राहावं लागलं.

भाऊंचं लहानपण शिरपूरचं. तिथल्या जुन्या जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. लांबलांबून यात्रेकरू यायचे आणि मूर्तीपुढे उभे राहिले की त्यांच्यातले भले भले शेठ लोक लेकरासारखे रडायचे. भाऊ त्या दारावरून दिवसातून चारदा जाणारे. आपल्याला काहीच कसं होत नाही, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून होता. उत्तर त्यांना पुढे सापडलं आणि ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी त्यांच्याआधी वाक्य पुरं करायची. "ताई, घरच्या देवाले मानूस मांगते. रडायले परका गाव लागते. घरी सासू असते, सून असते, शेजारीन भिंतीले कान लावून असते. कुठं रडता?"

कोणत्या ठिकाणी कोण रडतं, याचा त्यांचा पक्का अभ्यास होता. गयेला पिंड देताना बाप्ये रडतात, तेही बापाशी आयुष्यभर भांडलेले जास्त. दीक्षाभूमीवर म्हाताऱ्या बाया पायरीला कपाळ लावतात आणि उठतच नाहीत. रामेश्वरला कुणी रडत नाही, कारण तिथपर्यंत सगळ्यांचे पाय सुजलेले असतात. आणि कन्याकुमारी. मालेगावकडची एक म्हातारी समुद्राकडे बघत उभी राहिली आणि तिनं भाऊंना विचारलं, याचा पल्याडचा काठ कुठं आहे? भाऊ म्हणाले, याले काठ नाही मावशी. ती वाळूत बसली आणि रडायला लागली. का, ते तिला सांगता आलं नाही, आणि भाऊंनी विचारलंही नाही. कुणी रडत असलं की ते पाठ फिरवून बसच्या टायरांवर लाथा मारत हवा तपासायचे. टायर टणक असायचे, तरी लाथा चालूच.

आपल्या गाडीतल्या माणसावर कुणी हसलेलं त्यांना चालत नसे. एकदा प्रयागच्या वाटेवर एका हॉटेलात आमच्या बायका आपसात बोलत होत्या आणि शेजारच्या टेबलावरचे पुणेरी पाहुणे 'मले-तुले' करून एकमेकांना चिडवत होते. भाऊंनी ऐकलं. जेवण ताटात वाढलेलं होतं. त्यांनी मालकाला सांगितलं की ताटं परत आणून देतो, आणि सगळ्यांना ताटांसकट बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं. आमचे यजमान पुरी हातात घेऊन रस्ता ओलांडताना दिसले तेव्हा मला हसू आवरेना. पण त्या दिवशी झाडाखाली बायका जितक्या मोकळ्या बोलल्या तितक्या पूर्ण यात्रेत बोलल्या नव्हत्या. भाऊंचा हा गुण मला फार आवडायचा. पुढे जे झालं ते ह्याच गुणापायी झालं.

त्या वर्षी काशीच्या गाडीत कामरगावच्या सुभद्राबाई होत्या. साठीच्या, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या. मोटारसायकलच्या अपघातात लेक गेला होता. अस्थी गावच्या नदीत सोडल्या होत्या, पण थोड्या फडक्यात बांधून दारच्या कडुनिंबाला टांगून ठेवल्या होत्या, गंगेवर न्यायच्या म्हणून. त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गाडीत त्या भजनाला टाळ्या वाजवायच्या, कुणाचं लेकरू रडलं तर मांडीवर घ्यायच्या. भाऊंची त्यांच्यावर विशेष मर्जी होती, कारण "कामरगाव" म्हणून हाक मारली की त्या पहिल्या हाकेला यायच्या.

घाटावर अस्थी सोडून झाल्या. सुभद्राबाई पायरीवर बसल्या. बराच वेळ नुसत्या बसल्या, आणि मग त्यांनी हेल काढला.

आमच्याकडे बायका गेलेल्या माणसाशी बोलत, सूर लावून रडतात. त्यालाच हेल काढणं म्हणतात. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तो काशीचा घाट होता, कोवळं ऊन पडलेलं, समोर नावांमधून शहरी पर्यटक चाललेले. आणि सुभद्राबाईंचा आवाज असा की नदीच्या मध्यापर्यंत पोचावा. "माह्या राज्या रे… तुयी लेक चालाले लागली रे…" एका नावेतल्या मुलींनी मोबाइल वर धरले. त्यांच्याबरोबरच्या एका पोरानं तोच सूर काढून दाखवला आणि अख्खी नाव हसली. आमच्यातलेही लोक चुळबुळायला लागले. एक बाई म्हणाल्या, इथं कशाला बाई हे. मी नदीकडे बघत होते. ही बाई आमच्या बसमधली नव्हेच, असा चेहरा मी केला होता.

भाऊ टायरांजवळ नव्हते, घाटावरच होते. ते हसू त्यांच्या कानावर गेलं. ते भराभर पायऱ्या उतरले, सुभद्राबाईंच्या कोपराला धरलं आणि खाली वाकून म्हणाले, "माय, गप राहा. लोक हसून राह्यले."

त्या थांबल्या. 'तुले…' एवढ्यावर वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं, "बरं बापू" म्हणाल्या आणि उठल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. भाऊ त्या दिवशी जेवताना रागातच होते. त्या पोरींचे मोबाइल गंगेत टाकायला हवे होते, असं म्हणत होते. आपण काही वावगं केलं असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी आपलं माणूस लोकांच्या हसण्यापासून वाचवलं होतं.

काशीहून आलं की आमच्याकडे मावंदं करतात. गंगेच्या पाण्याच्या गडूची पूजा आणि सगळ्यांना जेवण. सुभद्राबाईंनी कामरगावला मावंदं केलं तेव्हा बरोबरच्या यात्रेकरूंना आवतन होतं. भाऊ, मी आणि आणखी दोघंतिघं गेलो. अंगणात रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी होती. सून वंदना वाढत होती आणि लहानगी तिच्या लुगड्याला धरून मागे मागे चालत होती. पंगत उठल्यावर वंदना भाऊंच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच भिंतीशी उभी राहिली.

तिनं जे सांगितलं ते असं. नवरा गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. घरात रडारड झाली तर पोटातल्या जिवाला धक्का बसेल, असं सुभद्राबाईंनीच ठरवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या दारातच अडवायच्या आणि सांगायच्या, आत रडायचं नाही. सख्ख्या बहिणीलाही रडू दिलं नाही. स्वतःही रडल्या नाहीत. बाळंतपण झालं, तरी रडल्या नाहीत. आता काय, म्हणायच्या, आता गंगेवर रडीन.

"माह्यापाई त्याईनं आवंढा गिळून ठेवला काकाजी," वंदना म्हणाली. "मले झोप लागत नाही. रडल्या का त्या तिथं?"

मी भाऊंच्या शेजारीच बसले होते. त्यांच्या हातातला तांब्या तोंडापर्यंत गेला नाही. त्यांनी वर पाहिलं. सुभद्राबाई चुलीपाशी राख ओढत होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"रडल्या," भाऊ म्हणाले. "पोटभर."

वंदनानं सासूकडे पाहिलं. सुभद्राबाई राख ओढायच्या थांबल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "हो वं माय, लय रडली मी. मोकळी झाली." मग पुन्हा राख ओढायला लागल्या.

परतीच्या एसटीत भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले. रिसोडच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "ताई, मी खोटं बोललो त्याचं काई नाई. मी धंद्यात सतरा वेळा बोलतो. पन ते बाई माह्यासाठी खोटं बोलली." आणि घराकडे चालू लागले. मी मागून चालत होते. घाटावर नदीकडे तोंड करून मीही उभी होते.

त्यानंतर भाऊ बदलले. 'रडायले अर्धा घंटा' हे त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. बस थांबली की "आंघोळीले एक घंटा, बाकी तुमचं तुमी पाहा" म्हणायचे आणि मग खरोखरच कुणाला हाक मारायचे नाहीत. एखादी बाई पायरीवर बसून राहिली की बस उभी. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवायला गेला तर भाऊ त्याचा हात धरायचे. एकदा म्हणे एक मावशी दोन तास बसून राहिल्या, रडत असतील म्हणून कुणी जवळ गेलं नाही. शेवटी कळलं की त्यांना झोप लागली होती. पुढच्या देवळाचं दार बंद झालं, लोक चिडले. अशा यात्रेला कोण येणार? दुसऱ्या कंपन्या वेळेवर नेऊन वेळेवर आणत होत्या. भाऊंच्या बसमधल्या रिकाम्या जागा वाढत गेल्या. शोभावहिनी माझ्याकडे येऊन कुरकुर करायच्या. याईले काय झालं समजत नाही, म्हणायच्या.

भाऊ दर दोनतीन महिन्यांनी मोसंबी घेऊन कामरगावला जायचे. सुभद्राबाईंना पुन्हा काशीला न्यायचं त्यांच्या मनात होतं, स्वतःच्या खर्चानं. त्या हसल्या. "आता कायले बापू? ते त्याच वक्ती होतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. त्या विषयावर त्या दोघांत झालेलं बोलणं ते तेवढंच. एरवी त्या भाऊंना गुडघ्याला कोणतं तेल लावता ते विचारायच्या, निघताना वहिनींसाठी खुला, म्हणजे वांग्याच्या वाळवलेल्या फोडी, बांधून द्यायच्या. त्यांनी रागानं एक शब्द जरी सुनावला असता तर भाऊ सुटले असते. त्या बोलल्या नाहीत. भाऊ तिथून येताना जातानापेक्षा जास्त वाकलेले दिसायचे.

वंदनाला खरं सांगावं, असं त्यांनी मनात घेतलं. मला विचारायला आले. आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "त्या पोरीले वाटते का सासू मोकळी झाली. नाई झाली ताई. ते ओझं तसंच घरात हाय, तिले दिसत नाई फक्त." मी म्हटलं, सांगून काय होणार? तिची झोप पुन्हा उडेल. सल्ले द्यायला मी पहिल्यापासून हुशार. भाऊ ऐकून घेऊन गेले, पण पटलेलं नव्हतं. सुभद्राबाई जिवंत आहेत तोवर सांगितलं पाहिजे, म्हणजे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू तरी शकतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मला वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. मी आडवं यायला नको होतं. ते आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले आणि थंडीच्या दिवसांत सुभद्राबाई दोन दिवसांच्या तापात गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. भाऊ पुरुषांत बसले. वंदना प्रेताजवळ होती आणि तिनं हेल काढला होता. या खेपेला तिला अडवणारं कुणी नव्हतं. सासूनं तिच्यासाठी काय काय केलं ते ती एकेक करून सांगत होती. आणि मग ते आलं. "गंगेवर पोटभर रडून आली वं माय… मोकळी होऊन आली वं… माह्या जिवाचा घोर फेडून गेली वं…" भोवतीच्या बायका माना डोलवत होत्या. भाऊंनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. ते उठतील आणि काहीतरी बोलतील, अशी मला भीती वाटली. ते उठले नाहीत. आता ते कधीच सांगता येणार नव्हतं, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं असावं. त्या मुलीच्या हातात तेवढाच एक आधार होता आणि तो भाऊंनीच दिलेला होता.

दहाव्याला भाऊ एकटेच गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्याची एक पुरचुंडी होती. घरात आणायची नाही म्हणून ती त्यांनी दारच्या कडुलिंबाला बांधली आणि मला बोलावून सांगितलं. वंदनानं अस्थी त्यांच्या स्वाधीन केल्या होत्या. म्हणाली होती, काकाजी, तुमच्याच हातानं न्या. जिथं त्या रडल्या त्याच पायरीवर सोडा. भाऊ मला हे सांगत होते आणि त्यांचा हात लिंबाच्या फांदीवर होता.

"नाई म्हनता आलं नाई," ते म्हणाले.

बसचा धंदा तोवर बंद झाला होता. ते एकटे निघाले, एसटीनं अकोला आणि तिथून रेल्वे. मी त्याच आठवड्यात मुलाकडे अमरावतीला राहायला जाणार होते, म्हणून निरोप घ्यायला स्टँडवर गेले. पुढे भाऊ काशीहून आले, मग पावसाळ्यात आजारी पडून गेले, हे सगळं मला वहिनींच्या फोनवरून कळलं. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

अकोल्याची गाडी लागली होती. खिडकीजवळच्या जागेवर भाऊ बसले होते. मी खाली उभी होते. पाण्याची बाटली घेतली का, स्वेटर आहे का, असलं मी विचारत होते. गाडी निघायला झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून वाकून हळूच विचारलं,

"ताई, हेल कसा काढतात वो? मले सूर येत नाई."

मी खिडकीजवळ सरकले. ते म्हणाले, "ते वाक्य मीच तोडलं होतं. तुयी लेक चालाले लागली रे, तुले… एवढंच बोलली ते. त्याच्यापुढं काय म्हनतात?"

मी सांगितलं की पुढे ठरलेलं असं काही नसतं. ज्याच्या पोटात जे राहिलेलं असेल ते तो सांगतो. सूर तेवढा ठरलेला असतो.

"मंग सूर सांगा."

भोवती स्टँडभर माणसं. ओळखीचे पालक होते, माझ्या शाळेतली मोठी झालेली पोरं होती. माझ्या आईचा हेल मी लहानपणापासून ऐकलेला, पण आजवर एकदाही काढला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा मी रुमालात तोंड खुपसून बसले होते. मी आधी नुसतं पुटपुटून दाखवलं. भाऊंनी मान हलवली. ऐकू येत नव्हतं. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

मग मी खिडकीच्या गजाला धरलं आणि तोंड वर करून हेल काढला. आवाज फाटला, पण सूर बरोबर लागला. चणे-फुटाणेवाला थांबला, रांगेतल्या बायका वळल्या. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती ती तशीच धरून ठेवली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते, शाळेत कविता पाठ करणारं पोर बसतं तसे. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी "बस, आलं" अशी मान केली.

घंटी वाजली. गाडी वळून फाटकाकडे गेली. मागून मला त्यांचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता, आणि त्यांचे ओठ हलत होते.